पंधराव्या खड्ड्यावरची श्रद्धांजली

आधी चहा संपवा. ऐकताना ठसका लागला तर त्याचं पाप मला नको, माझ्या माथी आधीच पुष्कळ आहे.

मी इतिहासाचा निवृत्त मास्तर. पण अमरावतीत मला इतिहासासाठी कोण ओळखतो? मला ओळखतात शोकसभेसाठी! आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीतच आहे. मोक्षधामात अग्नी दिला की लोक लगेच घरी जात नाहीत. बाजूच्या ओट्यावर शोकसभा भरते, चार जण बोलतात, मग दोन मिनिटं मौन. तीस वर्षं हे काम माझ्याकडे आहे. कोण गेलं हे मला कधीकधी ऑटोत बसल्यावर कळतं, पण भाषण तयार असतं. माणूस निर्मळ होता, निगर्वी होता, पोकळी निर्माण झाली. याचा मला अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

तर शेंदूरजनाघाटचा मधुकर हा माझा वर्गमित्र, संत्र्याचा बागायतदार. त्याची मुलगी केतकी शिकायला नागपूरला मामाकडे होती. मामा गोल्फच्या मैदानावर माळी. तिथं पोरीनं ती काठी हातात घेतली आणि पुन्हा सोडलीच नाही. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका कॉलेजानं शिष्यवृत्ती देऊन तिला बोलावलं. मधुकर म्हणाला, जायचं नाही. ती गेली. त्या दिवसापासून बाप लेकीशी एक शब्द बोलला नव्हता. तिचा फोन आला की हा उठून बागेत जायचा आणि झाडाआड उभा राहून कान इकडेच लावायचा.

यंदा केतकीची निवड झाली. कॉलेजच्या खेळाडूंची ती मोठी आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धा. एका बाजूला अमेरिका, दुसऱ्या बाजूला उरलेलं सगळं जग! सुशीलावहिनींचा मला फोन आला.

"भाऊजी, मॅच इथं दिसते म्हनतात. तुमी या. तुमी समजावून सांगसान तर हे बसतीन. पोरीचं येवढंच म्हननं हाये, बाबांनी मले एकदा खेळतानी पाहावं."

सांगा, असं म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? पंधरा दिवस मी त्या स्पर्धेचा इतिहास वाचला. खेळाचे नियम? ते कशाला वाचायचे? इतिहासाच्या मास्तरानं इतिहास वाचावा!

सामन्याच्या दिवशी दुपारी चारला मधुकरच्या संत्र्याच्या पॅकिंग शेडमध्ये पडदा लागला. सामने यंदा युरोपात होते, म्हणून वेळ सोयीची. उलट्या कॅरेटवर पन्नाससाठ माणसं बसली. मधुकर सगळ्यांत मागं, खांबाला टेकून, तोंड वळवून. पण आला होता.

मी इतिहास सांगितला. आधी ही स्पर्धा अमेरिकेच्या आणि ब्रिटिश बेटांवरच्या पोरांमध्ये व्हायची. मग समोर अख्खा युरोप आला. मग उरलेलं जग आलं आणि मुलीही आल्या. "म्हणजे बघा, दार एकेक करून उघडत गेलं, म्हणून आज आपली केतकी तिथं उभी आहे!" टाळ्या पडल्या. मधुकरनं मान जराशी वळवली. मला चेव आला.

"खेळ अठरा खड्ड्यांचा. अठरावा खड्डा झाल्याशिवाय कोणी जागचं हलत नाही!" असं मी ठणकावून सांगितलं. पडद्यावरची बाई इंग्रजीत बोलत होती. मी म्हणालो, "तो आवाज बंद करा. मी सांगतो सगळं."

तीच ती चूक.

पंधराव्या खड्ड्यापर्यंत ठीक चाललं. मग केतकीशी खेळणारी अमेरिकन मुलगी पुढं आली, आपला चेंडू उचलून तिनं खिशात टाकला आणि डोक्यावरची टोपी काढली. केतकीनंही टोपी काढली. खड्ड्यातला झेंडा तर आधीच उतरवून गवतावर आडवा ठेवलेला! दोघी गळ्यात पडल्या. केतकीनं डोळे पुसले. मग सगळे सावकाश चालू लागले. तीन खड्डे बाकी असताना!

तीस वर्षं मी उतरलेल्या टोप्या बघतोय. मला कोणी सांगायला हवं का?

"उठा," मी हळू आवाजात म्हणालो. "कोणीतरी गेलं आहे."

"कोन गेलं, सर?" पुढचा म्हातारा घाबरला.

"मोठा माणूस असणार. त्याशिवाय खेळ थांबतो का?"

आणि मग मी बोललो. आठ मिनिटं! नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, पुरुष की बाई तेही नाही. गोल्फसाठी देह झिजवला म्हणालो. विद्यार्थ्यांचा आधारवड कोसळला म्हणालो. दोन बायकांनी डोळ्याला पदर लावला. शेवटी म्हणालो, "दोन मिनिटं मौन पाळू." सगळी शेड माना खाली घालून उभी राहिली.

तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. केतकीचा व्हिडिओ कॉल. वहिनींनी घाईघाईनं उचलला आणि तोंडावर बोट ठेवून फोन सगळ्यांकडे वळवला.

आता तिच्या बाजूनं विचार करा. लेकीनं आनंदानं घरी फोन लावावा, आणि समोर काय दिसावं? अख्खं गाव मान खाली घालून उभं. आई रडवेली. मध्ये मी हात जोडून. मी म्हणजे कोण, हे जिल्ह्यात कोणाला सांगावं लागत नाही. आणि बाप कुठंच नाही!

"आई, बाबा कुठं हायेत?" मौन.

"आई, बोलत काहून नाई? बाबा कुठं हायेत व? बाबा!"

ती किंकाळी मी विसरणार नाही. खांबाआडून मधुकर कॅरेट तुडवत धावला. वहिनींच्या हातातून त्यानं फोन हिसकावला.

"आहो ना व माय! इथंच आहो मी! मले काय झालं? रडू नको, हे पाह्य, तुया बाप तुया समोर उभा हाये!"

दोन वर्षांनी! ती रडत होती, तो रडत होता, शेडमध्ये कोणाचाच डोळा कोरडा नव्हता. माझाही.

"बाबा, मी जिंकली," ती हुंदक्यांतून म्हणाली. "चार खड्डे पुढं होती अन् तीनच उरले होते. मंग पुढं कायले खेळतेत?"

टोप्यांचं विचारलं, तेही तिनं सांगितलं. मधुकर मान डोलवत राहिला. मग सावकाश वळून त्यानं माझ्याकडे पाहिलं. "टोप्या त हात मिळवाले काढतेत म्हनते पोट्टी. अन् तू मानूस मारला बे?"

मी म्हणालो, "मधुकर, पण तू बोललास ना लेकीशी?"

"बोल्लो. पन थे जिंकली तवा मी मान खाली घालून उभा होतो. कोनासाठी, थे तरी सांग."

तेवढ्यात गर्दीतून वरूडचे एक वार्ताहर वही घेऊन पुढं आले. त्यांनी माझं भाषण शब्दन् शब्द उतरवून घेतलं होतं.

"सर, बातमी जोरदार झाली. पन मयताचं नाव राह्यलं. काय लिहू?"

सगळी शेड माझ्याकडे बघत होती. मी शांतपणे एका कॅरेटवर बसलो.

"लिहा," म्हणालो, "माझंच."