खडूच्या दोन गोलांचा दिवस

हारुन मिस्त्रीच्या नवीन जालन्यातल्या गॅरेजात आजवर ट्रॅक्टर आले, घनसावंगीच्या रस्त्यावर माणसं कोंबून धावणाऱ्या जीपा आल्या, एकदा तर नवरदेवासकट बंद पडलेली मोटार आली. पण कोणत्याच गाडीनं त्याची भूक मारली नव्हती. या गाडीनं मारली.

करडईच्या फुलासारखी पिवळी, कमरेलाही न पोचणारी, परदेशी बनावटीची जुनी गाडी. बियाण्यांचे व्यापारी बद्रीनाथशेठ यांनी ती हौसेनं पुण्याहून आणली होती. तिचे दिवे बॉनेटमध्ये लपलेले. खटका ओढला की झाकणं वर उठायची, जणू झोपलेल्या जनावरानं डोळे उघडले. ती उचलायला मोटर नव्हती. चालतं इंजिन नळीतून हवा ओढून घ्यायचं, ती ओढ पुढच्या पोकळ दांड्यात साठायची आणि तीच झाकणं उचलायची. हे उमगलं त्या दिवशी हारुननं जेवण सोडून, बायकोला, हसीनाला, रिकाम्या बाटलीतली हवा तोंडानं ओढून दाखवली होती. बाटली ओठाला चिकटून लोंबत राहिली. हसीना हसून हसून बेजार.

दसऱ्यानंतर मात्र झाकणं अर्धीच उठू लागली. ॲक्सिलेटर दाबला की तीही पडत.

आज सकाळी शेठनं खडूनं बॉनेटवर दोन गोल काढले होते.

"हारुनभाई, संध्याकाळी मायला घेऊन पिंपळगाव रेणुकाईला जायचंय. वापस येताना अंधार पडंल. दिवस बुडायच्या आत झाकणं उठली तर ठीक. न्हाई तर इथून कापा अन् जीपचे दिवे ठोका."

"शेठ, बेडकावानी दिसंल ती."

"दिसू द्या. बेडकाला अंधारात दिसतं तरी."

कापायचं हारुनलाच होतं. त्यानं आयुष्यभर तेच केलं होतं. जीपची मागची बाजू कापून बाकडी लांब केली, कशाचं काय कशालाही जोडलं, कधी वाईट वाटलं नाही. घनसावंगीला जीप चालवायचा तेव्हा सवाऱ्यांना गप करून इंजिन ऐकणारा ड्रायव्हर म्हणून त्याची चेष्टा व्हायची. पण एखाद्या यंत्राला आहे तसंच राहू द्यावं, हे त्याला पहिल्यांदाच वाटत होतं, आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं.

नळ्या नव्या घातल्या. वाल्व धुतला. झाकणाखालचे रबरी पडदे फुग्यासारखे तपासले. सगळं बराबर. झाकणं मात्र अर्धीच.

उतरतं ऊन शटरवर चढलं. शेठची आई सगुणाबाई देवीच्या ओटीचं सामान मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती.

"लेकरा, हुईल का?"

"करून राह्यलो, माय."

शेठ कटर मशीनकडं बघत होते. हारुननं शेवटचं म्हणून इंजिन चालवलं, बंद केलं आणि कपाळ पुसलं.

गुरुवार होता. दुकानामागच्या घरातून हसीना लोबानदानी घेऊन आली. दर जुमेरातीला ती दुकानाच्या कोपऱ्याकोपऱ्यात धूर फिरवायची. गाडीसमोर थांबून तिनं तिलाही धूर दाखवला.

धूर वर गेला. त्यातली एक रेघ मात्र वाकली. बम्परखाली टांगलेल्या लिंबू-मिरचीच्या मागं शिरली आणि दिसेनाशी झाली.

"हसीना, हिल नको."

तो तिथंच जमिनीवर आडवा झाला. लिंबाची तार एका स्क्रूला बांधलेली होती. स्क्रू घुसला होता थेट त्या पोकळ दांड्यात, आणि आत साठलेली ओढ त्याच्या फटीतून बाहेरची हवा, धुरासकट, आत खेचत होती. त्यानं स्क्रूभोवती ओलं बोट दाबलं.

"शेठ, इंजिन चालू करा. आता खटका ओढा."

खट. दोन्ही झाकणं एकदम ताठ. सगुणाबाईंच्या मांडीवरचा नारळ घरंगळला.

"हा स्क्रू कुणी मारला?"

शेठनं आईकडं बघितलं. सगुणाबाईच बोलल्या, "दसऱ्याला पूजा केली तव्हा म्याच म्हणलं, दोऱ्यानं लिंबू पडतंय, पक्कं बांध."

"माय म्हणली पक्कं, म्हणून ड्रिल मारलं," शेठ म्हणाले.

"अन् मला सांगितलं न्हाई?"

"लिंबाचं काय सांगायचं, हारुनभाई?"

हारुनला हसू फुटलं. स्क्रू काढून त्यानं वितळलेल्या पितळेचा डाग देऊन भोक बुजवलं. थंड झाल्यावर इंजिन चालवलं, खटका ओढला, ॲक्सिलेटर दाबला, पुन्हा दाबला. वर उठलेली झाकणं जागची हलली नाहीत.

"माझं लिंबू?" सगुणाबाई गाडीत बसायला तयार नव्हत्या.

त्यानं ते गाडी ओढायच्या हुकाला दोऱ्यानं बांधलं. "पडलं तर दुसरं बांधा, माय. लिंबं लई हायत."

शेठनं गाडी वळवली. तोच हारुन आडवा आला, वाकला आणि शर्टाच्या बाहीनं बॉनेटवरचे दोन्ही गोल पुसून काढले. मग बाजूला झाला.