रेडिएटरपुढची वाळ्याची ताटी

बारा मे. आजचं काम म्हणजे बाबांची जुनी गाडी का तापते ते शोधणं. रामटेकला जाताना ती दोनदा वाटेत वाफ सोडून थांबली होती. आता कारण सापडलं नाही तर विकायची, असं मी बाबांना सांगून टाकलं होतं. आई गेल्यापासून महिन्यातून एकदा रामटेकला जाणं, एवढंच त्यांचं घराबाहेर पडणं उरलं आहे.

पाणी भरलेलं होतं. पंख्याचा पट्टा घट्ट होता, पाइप कुठे गळत नव्हते. मग पुढच्या जाळीमागे हात घातला तर बोटांना खरखरीत गवत लागलं. कूलरची वाळ्याची ताटी कापून कोणीतरी रेडिएटरपुढे तारेनं बांधली होती. क्षार साचून ती दगडासारखी झाली होती.

"कूलर खोली थंडी करते ना वं," बाबा म्हणाले. "मंग इंजिन काहून नाही?"

"वारं अडवून राहिली ती, बाबा. कधी बांधली?"

"तुही आई पुढं बसे तवा. तिले झळ लागे. निघताना पाणी मारलं का वास आत येत जाय. दरसाल नवी बांधो मी. आता वाकता येत नाही."

मी तार कापून ताटी फेकली आणि भर दुपारी गाडी कन्हानपर्यंत नेऊन आणली. तापमानाचा काटा मध्यावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या कूलरमधून मूठभर वाळा उपटला, भिजवून गाडीत आईच्या जागेसमोर ठेवला आणि बाबांना चप्पल घालायला सांगितलं.