पंधरावी झालेली मोटारवाली

हिरा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणच्या आमच्या कंपनीत अर्जांचा गठ्ठा चाळत बसले होते. तिचा धाकटा भाऊ विलास बोलत होता. 'ताई, आमची आक्का गेली. कावीळ व्हती, अंगावर काढली तिनं...' चाळिशीसुद्धा गाठली नव्हती तिने. दहाव्याला तिच्या गावी, मढच्या नदीकाठी पोहोचले तेव्हा बायका एका अंगाला बसल्या होत्या, पुरुष दुसऱ्या, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे माइकवर श्रद्धांजलीची भाषणं चालू होती. हिराला आयुष्यात एकदाही न भेटलेल्या एका पुढाऱ्याने माइक हातात घेतला. 'ताई बीएस्सी झाल्या व्हत्या. पन नोकरी न्हाई लागली. एवढं शिक्षन वाया गेलं, तरी ताई खचल्या न्हाईत. मोटारी भरून पोट भरलं.' लोकांनी माना हलवल्या. विलासनेही हलवली.

मी उठून माइक मागायला हवा होता. पण आमच्याकडे दहाव्याला बायका रडायला असतात, बोलायला नाही, आणि मीही इतकी वर्षं पुण्यात राहून त्या दिवशी पदर सावरून खालीच बसले. त्याला आता पाच आठवडे झाले. राग काही उतरत नाही. म्हणून त्या घाटावर जे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते आहे. हिराचं शिक्षण वाया गेलं नाही. ज्यांना वाया गेल्यासारखं वाटतं त्यांनी तिचं दुकान पाहिलेलं नाही, आणि एकेकाळी ज्यांना तसंच वाटायचं, त्यांच्यात मीही होते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघी जुन्नरच्या कॉलेजात होतो. मी निमगाव सावाची, बागायतदाराची मुलगी, घरून डबा घेऊन एसटीने येणारी. ती मढच्या वरच्या वाडीतली, भात-नाचणीवर जगणाऱ्या घरातली, वसतिगृहात राहणारी. फिजिक्सच्या वर्गात मुली आम्ही दोघीच, म्हणून प्रॅक्टिकलला जोडी आपोआप ठरली. मी जर्नल सुवाच्य अक्षरात लिहायची आणि ती उपकरणं उघडून बघायची. एकदा तिने व्होल्टमीटर इतका उघडला की सरांना तो बंद करता येईना. सर ओरडले. ही शांतपणे म्हणाली, 'सर, काटा हलतो ते दिसतं वं, पन का हलतो ते आत असंल ना?' त्या वर्षी आमच्या जर्नलला चांगले मार्क मिळाले ते माझ्या अक्षराचे. डोकं तिचं होतं, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

पदवी झाली आणि बाजारात आमची किंमत कळायला लागली. एम्प्लॉयमेंटचं कार्ड काढलं, पासपोर्ट फोटो काढले, मुलाखतींना एकच चांगला ड्रेस आलटून पालटून घातला... म्हणजे ड्रेस माझा, आलटून पालटून आम्ही दोघींनी. एका शाळेत प्रयोगशाळा सहायकाची जागा होती. तिथे तिला विज्ञानातलं काहीच विचारलं नाही. 'अनुभव आहे का? लग्न झालंय का? डोंगरातून रोज येणार कशा?' एवढंच. परत येताना जुन्नरच्या स्टँडवर ती भेळ खात म्हणाली, 'मंदे, यान्ला पंधरावी झालेली मानसं नको हायती. यान्ला अनुभवाचा कागद पायजे, मानूस न्हाई.' मला मामाने पुण्यात कॉम्प्युटरचा कोर्स लावून दिला आणि पुढे त्याच्याच ओळखीने नोकरी लागली. हिराला मामा नव्हता, म्हणजे असा पुण्यातला नव्हता.

मग कळलं की ती आयटीआयला गेली. मोटार वाइंडिंगच्या ट्रेडला. दहावी झालेल्या पोरांच्या बाकावर, त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, एकटी मुलगी. तिचे वडील, तुकारामकाका, मला बाजारात भेटले तर रस्त्यातच थांबून म्हणाले, 'पंधरावी झाली अन् आता धाव्वीच्या पोरांत बसती. चढलेली मानसं कुनी अशी खाली उतरत्यात का, तूच सांग.' मी सांगितलं, पण तिलाच. मी तिला चार पानी पत्र लिहिलं, माझ्या त्या सुवाच्य अक्षरात. तू पदवीचा अपमान करते आहेस, असं लिहिलं. हातात हातोडी घ्यायची होती तर तीन वर्षं पुस्तकं कशाला वाचलीस, असंही लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढच्या दिवाळीत मी तिला भेटायला गेले तेव्हा तिने चहा पाजला, पुण्याची चौकशी केली आणि पत्राचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. आज लिहिताना लाज वाटते, पण लिहायचं तर हे वगळून कसं लिहू?

काही वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढून तिने जुन्नरला बाजारपेठेमागच्या गल्लीत स्वतःचं दुकान टाकलं. विहिरीवरच्या पंपाची जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची, नवी तार मोजून वेढे देऊन बसवायची. आमच्याकडे याला मोटार भरणं म्हणतात आणि ते पुरुषांचं काम समजतात. पेंटरने पाटीवर नाव लिहिलं आणि थांबला. तिने सांगितलं, खाली लिही, बी.एस्सी., आय.टी.आय. तो म्हणाला, 'ताई, मोटारीला काय करायचीय बीएस्सी? लोक हसतील.' ही म्हणाली, 'हसू दे. अक्षर मोठं काढ, लांबून हसता आलं पायजे.' लोक हसलेच. बाईने भरलेली मोटार चालेल का, म्हणून दोन गल्ल्या पलीकडे जाणारेही होते. पण तिने भरलेली मोटार चालायची, आणि चालत राहायची, त्यामुळे हळूहळू हसणारेच मोटारी घेऊन यायला लागले.

एका उन्हाळ्यात मी दुकानात बसले होते आणि आंबेगाव तालुक्यातले सोपानभाऊ टेंपोतून मोटार घेऊन आले. एकाच हंगामात तिसऱ्यांदा. 'ताई, तार हलकी घातली व्हती का वं?' हिराने मोटार उघडलीसुद्धा नाही. विचारलं, 'तुमच्या डीपीवर, त्या एका ट्रान्सफार्मरवर, मोटारी किती?' ते म्हणाले, 'असतील बारा.' 'अन् समद्यांना ऑटो?' 'मंग? लाइट कवा यील नेम न्हाई. हिरीवर कोन बसून ऱ्हानार?' तेव्हा भारनियमनाने सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आणला होता. वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारा हा ऑटो ज्याने त्याने स्टार्टरला लावून टाकला होता, आणि शेजाऱ्याने लावला म्हणून उरलेल्यांनी लावला होता. हिरा म्हणाली, 'भाऊ, मोटार उठताना लई करंट खाती. बारा जनी एकदम उठल्या तर कुनालाच पुरत न्हाई. उठता येत न्हाई, बसता येत न्हाई, जागेवर जळती. ते ऑटो काढा.' सोपानभाऊ वैतागले. 'ताई, तुमी मोटार भरा. शाळा नका घेऊ.' हिराने हात पुसले. 'मंग न्हाई भरत. घिऊन जावा.'

ते खरंच घेऊन गेले. आलेलं गिऱ्हाईक असं घालवतात का, म्हणून मी तिला बोलले. ती वार्निशचा डबा हलवत म्हणाली, 'आयटीआयनं हाताला मोटार भरायला शिकवलं. ती का जळती, हे कालिजात कळलं. एकच शिकले असते तर जळाली की भर, जळाली की भर, असं करत बसले असते. दुकान जोरात चाललं असतं बघ.' आणि हसली. तिच्या त्या हसण्यात खालच्या बाकावर बसल्याची खंत मला तेव्हाही दिसली नाही, नंतरही नाही.

पुढचं मला कळलं ते त्या दहाव्याच्या दिवशी. भाषणं संपली, कावळा शिवला, लोक पांगले, तेव्हा सोपानभाऊ माझ्याजवळ येऊन उभे राहिले. टोपी हातात होती. दुसऱ्या दुकानात भरलेली त्यांची मोटार पंधरवड्यात पुन्हा जळाली होती. ते हिराकडे परत गेले, पण मोटार न घेता. म्हणाले, 'ताई, येऊन दावा.' ती व्होल्टमीटर घेऊन गेली. बाराही जणांना डीपीपाशी गोळा केलं. सकाळी लाइट आली, बारा मोटारी एकदम हुंकारल्या आणि मीटरचा काटा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली पडला. मग तिने सगळ्या बंद करून एकेक सुरू करायला लावली. दर वेळी काटा जरा वाकायचा आणि पुन्हा वर यायचा. 'आमच्यातला एक म्हातारा म्हनला, पान्याची पाळी लावतो तशीच मोटारीची लावायची की. ताई म्हनल्या, एवढंच सांगत व्हते मी.' सोपानभाऊंनी घाटाकडे, जिथे माइकवाले वायर गुंडाळत होते तिकडे पाहिलं. 'त्या सायेबाला म्हनावं, आमच्या बारा मोटारी चालू हायत. तवापासनं एक न्हाई जळाली. काय वाया गेलं त्यांचं?'

त्यांना कुणी माइक दिला नव्हता.

संध्याकाळ व्हायच्या आत विलास मला जुन्नरला दुकानात घेऊन गेला. गाळा सोडायचा होता. 'ताई, तुमाला आठवन म्हनून काय पायजे ते घ्या,' म्हणाला. बाकावर अर्धी भरलेली एक मोटार तशीच होती. भिंतीवर एकाच चौकटीत दोन प्रमाणपत्रं होती, पदवीचं आणि आयटीआयचं, आणि त्याखाली खिळ्याला एक तेलकट कागद. तो मी कितीदा पाहिला होता. कोणत्या खाचेतून तार कुठे न्यायची याची आकृती तिने पेनने काढलेली, कडेला वेढ्यांचे आकडे, कोपऱ्यात वार्निशने उमटलेला तिचा अंगठा. काम करताना ती मान वर करून तिथे बघायची. मी तो कागद खिळ्यावरून काढला आणि सहज उलटा केला.

मागे माझं अक्षर होतं. सुवाच्य. 'तू पदवीचा अपमान करते आहेस.' चार पानांतलं तेवढंच एक पान तिने ठेवलं होतं. कोरी बाजू सापडली म्हणून ठेवलं, की मुद्दाम, हे आता विचारायला ती नाही. विलासने वाकून पाहिलं. 'तुमचं अक्षर व्हय ताई हे?' मी होय म्हणाले आणि मला रडू आलं, घाटावर आलं नव्हतं ते सगळं.

तो कागद आता चाकणला माझ्या टेबलासमोर लावला आहे, आकृती वर ठेवून. मागच्या आठवड्यात आम्ही देखभाल विभागाच्या जागेसाठी अर्ज चाळत होतो. ओतूरच्या एका मुलीचा अर्ज होता, बीएस्सी आणि नंतर आयटीआय. आमच्या साहेबांनी तो नको असलेल्या गठ्ठ्यावर टाकला. 'एवढं शिकून पुन्हा खाली आयटीआय? गोंधळलेली दिसते.' असे किती अर्ज इतक्या वर्षांत मी स्वतः त्या गठ्ठ्यावर टाकले असतील, ते मला आठवत नाही, आणि आठवत नाही हेच वाईट आहे. मी समोर पाहिलं. तो अंगठा तिथेच होता. अर्ज परत उचलला आणि साहेबांना म्हटलं, 'ही खाली उतरलेली नाही. हिला बोलवा. मोटार का जळते, ते मी विचारणार आहे.'