सस्पेंड, पण खेळायला मोकळा

मी चपला घालून कबड्डीच्या मैदानात शिरलो आणि सगळी टीम एकदम ओरडली. दचकून मागे सरलो, तर पाय फक्कीच्या रेषेवर पडला आणि मधली रेषाच पुसली गेली. माझ्या हातात सुपडूला द्यायची चार्जशीट होती.

"साहेब, जोडा बाहेर," खुद्द सुपडूच म्हणाला. "मैदान शे हाई, हाफिस नही."

बेशिस्तीचं आरोपपत्र द्यायला आलेला अधिकारी अनवाणी उभा, आणि आरोपी त्याला नियम समजावतोय. धुळ्याच्या गिरणीत लेबर ऑफिसर म्हणून माझा असा दबदबा होता.

लेबर ऑफिसर म्हणजे कामगार आणि मालक या दोघांच्याही शिव्या खाण्यासाठी नेमलेला पगारी माणूस. ही गोष्ट सत्तर साल उजाडायच्या आसपासची. तेव्हा गिरणीला कापडापेक्षा कबड्डीचं वेड जास्त होतं. सुपडू आमचा चढाईबहाद्दर. हजेरीपटावर तो वाइंडिंग खात्यात, म्हणजे बॉबिनवर सूत गुंडाळायच्या कामावर होता. त्यानं बॉबिन कधी पाहिलं असेल तर ते लांबूनच. सकाळी हजेरी लावायची आणि मैदानावर जायचं, हे त्याचं काम. ते मात्र तो मन लावून करायचा.

झालं होतं असं. पाळी सुटली की गेटवर प्रत्येकाची झडती होते. हात पसरायचे, वॉचमन खिसे चाचपतो, कुणी सूत लपवून नेत नाही ना ते बघतो. हमीदचाचा आमचे जुने वॉचमन. त्यांनी रांगेतल्या सगळ्यांसारखंच सुपडूलाही सांगितलं, "हात पसर, बेटा." सुपडूनं हात पसरला खरा, पण तो थेट चाचांच्या गालावर. चाचांची टोपी खाली पडली. भरल्या गेटात.

चाचांनी टोपी उचलली, झटकली, घरी गेले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, हा माफी मागत नाही तोवर मी गेटवर उभा राहणार नाही.

मी फाइल घेऊन मॅनेजरसाहेबांकडे गेलो.

"सस्पेंड करा त्याला," साहेब कडाडले. मला भरून आलं. एवढा ताठ कणा मी त्या खुर्चीत पूर्वी पाहिला नव्हता. मग ते म्हणाले, "फक्त कामावरून हं. प्रॅक्टिस चालू राहू द्या. रविवारी जळगावला फायनल आहे."

"पण साहेब, तो कामावर येतोच कुठे?"

"मग तर अडचणच नाही!"

साहेबांनी ऑफिसात फायनलच्या कपासाठी काचेचं कपाट आधीच करून घेतलं होतं. कपाट रिकामं राहणं त्यांना बघवत नव्हतं. चाचांचं स्टूल रिकामं राहिलं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"आणि चाचांचं काय? माफीचं?"

"फायनलनंतर बघू. मॅचआधी प्लेअरचं मन दुखवायचं नसतं. तुम्ही कधी खेळला नाहीत ना, तुम्हाला कळायचं नाही."

तर तीच ऑर्डर आणि चार्जशीट घेऊन मी अनवाणी उभा होतो. सुपडूनं वाचलं, सही केली आणि आनंदानं विचारलं, "म्हणजे आता हजेरीलेबी येवानं नही? सकायपासून प्रॅक्टिस?" शिक्षा ऐकून इतका खूश झालेला माणूस माझ्या नोकरीत दुसरा भेटला नाही.

नियमाप्रमाणे डोमेस्टिक एन्क्वायरी लावली. ही गिरणीतल्या गिरणीत होणारी चौकशी. आरोप वाचायचा, साक्षी घ्यायच्या, निकाल द्यायचा. साक्षीदार म्हणजे ती अख्खी पाळीच होती. पण त्या वेळी एकाच्या डोळ्यात रुईचा कण गेला होता, दुसरा डबा बांधत होता, तिसऱ्याला पाठीमागून कुणी हाक मारली होती. एवढी माणसं एकाच क्षणी दुसरीकडे बघत होती, हा योगायोग मी व्यवस्थित टाइप करून घेतला. टीम फायनल हरली तर आपल्यावर ठपका नको, आणि साहेबांची खप्पा मर्जी तर नकोच, हे सगळ्यांना कळत होतं. मलाही कळत होतं, म्हणून मी कुणाला उलट प्रश्न विचारला नाही.

टीमचा कॅप्टन दगडूनाना साच्यावरचा, म्हणजे मागावरचा जॉबर, त्या खात्यातला मुकादम. वयानं थोराड, बोलायला कमी. तोही साक्षीला आला नाही. मी त्याला गाठून म्हटलं, "नाना, तुम्ही तरी खरं सांगा."

"बठ्ठासनी दखेल शे, साहेब," नाना म्हणाला. सगळ्यांनी पाहिलंय. "कागदवर नका लिहू पण."

इकडे नियमांचं दुसरं कलम जागं झालं. विनारजा ठरावीक दिवस गैरहजर राहिलं की नाव पटावरून कमी. थप्पड मारणाऱ्याच्या नोकरीला धक्का नव्हता, खाणाऱ्याची मात्र जायला आली होती. नाव कमी करायची चिठ्ठी माझ्याच सहीनं निघणार होती. हेडक्लार्कनं ती तत्परतेनं तयारसुद्धा ठेवली. मी सही केली नाही, पेनातली शाई संपल्याचं सांगितलं. माझ्या बंडखोरीची मजल एवढीच.

रविवारी आम्ही जळगावला. समोर तिथल्या तेलगिरणीची टीम. साहेब पहिल्या रांगेत, गळ्यात रुमाल.

ज्यांना कबड्डी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. समोरचा चढाईला आला की बचाव करणारे एकमेकांचे हात धरतात. त्याला साखळी म्हणतात. साखळीत असलं तर पकड करता येते, एकटा सापडला तर चढाईवाला शिवून जातो. आणि शिवला गेलेला आउट होऊन बाहेर बसतो. तो कितीही मोठा चढाईबहाद्दर असो, बाहेर बसून चढाई होत नाही.

पहिली चढाई त्यांची. आमच्या पोरांनी साखळी केली. सुपडूनं सवयीनं शेजारच्याचा हात धरायला हात पुढे केला. शेजारच्यानं आपला हात कमरेवर ठेवला. सुपडू दुसऱ्या बाजूला वळला, तिकडे दगडूनाना. नानाचे दोन्ही हात पाठीमागे.

सुपडू मधोमध एकटाच. तेलगिरणीच्या पोरानं त्याला आरामात शिवलं आणि परत गेला.

पुढे दर खेपेला तेच. समोरचा एक बाद केला की आपला एक आत येतो; बाकीचे चढाईत जीव तोडून तसं सुपडूला आत आणायचे, आणि तो आत आला की पुढच्या पकडीला त्याला एकटं सोडायचे. तेलगिरणीवाल्यांना वाटलं, हा आमचा काहीतरी नवा डाव आहे. थोडा वेळ ते बिचारे घाबरूनच खेळले.

मध्यंतराला सुपडू नानावर धावून गेला. "नाना, हात का नही देत? मॅच जाई ना!"

नाना गूळ-शेंगदाणे चघळत शांतपणे म्हणाला, "ज्या हातनी चाचाले मारं, तो हात आम्ही कसा काय धरसूत?"

सुपडूनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. या वेळी कुणीच दुसरीकडे बघत नव्हतं.

साहेब मला म्हणाले, "तुम्ही लेबर ऑफिसर ना? सांगा त्यांना हात धरायला!"

"साहेब, मी कधी खेळलो नाही. मला कळायचं नाही."

आम्ही सपाटून हरलो.

धुळ्याला बसमधून उतरलो तसा नाना सुपडूला घेऊन सरळ चाचांच्या घरी गेला. साक्षीदार हवा म्हणून मला बरोबर घेतलं. चाचा ओट्यावर बसले होते. हरल्याची बातमी आमच्या आधीच पोचली होती.

सुपडूला माफीचे शब्द काही सुचेनात. तो चाचांपुढे उभा राहिला आणि झडतीला पसरतात तसे त्यानं दोन्ही हात पसरले. मान खाली.

 चाचा उठले, त्याचे खिसे चाचपले, कंबर चाचपली आणि नानाला म्हणाले, "कुछ नहीं इसके पास. कप भी नहीं."

नाना हसला. चाचा नाही हसले. "थप्पड़ का क्या है, नाना. पूरी पाली ने देखा और एक मुँह नहीं खुला. मैं घर बैठा था, वो इसलिये."

  सकाळी चाचा गेटवर आले आणि पाळी सुटल्यावर पहिली झडती सुपडूची घेतली. सस्पेंड असूनही तो कामावर आला होता. बॉबिन कुठं ठेवायचं हे त्याला विचारावं लागलं, एवढंच.

थपडेची चौकशी साक्षीदारांअभावी फाइल झाली. पराभवाची चौकशी मात्र जेवणाच्या सुट्टीआधीच सुरू झाली. साक्षीदार स्वतः मॅनेजरसाहेब. टीममध्ये बेशिस्त कशी माजली, याचा खुलासा मागणारा मेमो मला आला. त्यातून मी एवढंच शिकलो: मोठ्या खेळाडूला शिस्त लावायची ऑर्डर वरून कधीही निघते, फक्त ती कप हरल्यावर निघते.

रात्रीच्या जेवणाला मी हे सगळं सौ.ला रंगवून सांगितलं. चांगला खेळतो म्हणून माणसाला काय डोक्यावर बसवून घ्यायचं, या विषयावर आमटीचा भुरका मारत छोटंसं भाषणही केलं.

तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पानात भात वाढत म्हणाली, "अहो, परवा आपला अरविंद भांडीवाल्या जनाबाईंना नाही नाही ते बोलला, तेव्हा तुम्हीच ना म्हणालात, जाऊ दे, वर्गात पहिला येतो?"