पुडीवरच्या मावशी

अकोल्याच्या मावशींना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या काळ्या मसाल्याच्या पुडीवर. मी शाळेत होते तेव्हापासून अमरावतीच्या आमच्या घरात ती पुडी यायची. पिवळा कागद, मधोमध लंबगोल चौकट, आणि तिच्यात डोक्यावर पदर घेतलेली, सरळ समोर पाहणारी एक बाई. हसणं नाही, काही नाही. ती खरी असेल, कुठंतरी राहत असेल, जेवत-खात असेल, असा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता.

माझं काम बाजारपाहणीचं. पुण्यात बरीच वर्षं एका कंपनीत हेच केलं, मग आईच्या आजारपणामुळे अमरावतीला परत आले आणि इथेच दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं. गिऱ्हाईक का कमी झालं, नवा माल का उठत नाही, असं विचारत व्यापारी येतात. आम्ही लोकांना प्रश्न विचारून फॉर्म भरतो आणि उत्तरांची चित्रं करून मालकाला पडद्यावर दाखवतो. चित्रं करणं हा खास माझा भाग. मालकाला जाड अहवाल वाचायचा नसतो. एका चित्रात एकच गोष्ट, दोन-तीन रंग, मोठी अक्षरं. बघणाऱ्याला न विचारता कळलं पाहिजे. हे मला चांगलं जमायचं आणि जमतं याचा अभिमान होता.

फॉर्म भरण्याचं काम माझी एक सहकारी बघायची. ती अकोल्याची, तिच्या वडिलांचं शिलाईचं दुकान. घरात उर्दू, बाहेर वऱ्हाडी, आणि बायका तिच्याशी पाच मिनिटांत मोकळ्या व्हायच्या. माणूस जे बोललं ते ती त्याच्याच शब्दांत लिहून आणायची. मी तिला म्हणायची, इतकं नको लिहूस, मला मोजायला त्रास होतो.

एक दिवस त्या मसाल्याचे मालक ऑफिसात आले. पुडीवरच्या बाईंचा मुलगा. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. नव्या कंपन्यांच्या चकचकीत पाकिटांपुढे त्यांची पुडी मागे पडत होती आणि नुकतंच लग्न झालेल्या मुली ती हातात घेत नव्हत्या. त्यांचे वडील एसटीत कंडक्टर होते. आई घरी मसाला कुटायची आणि वडील ड्युटीवर निघताना पिशवीत पुड्या घेऊन दर्यापूरच्या स्टँडजवळच्या दुकानांत द्यायचे. पुढे पुडी छापायची वेळ आली तेव्हा घरात आईचा एकच फोटो होता, एसटी कामगारांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या पाससाठी स्टुडिओत काढलेला. तोच छापला. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

आम्ही अकोला, अमरावती, दर्यापूर आणि चांदूर रेल्वेच्या किराणा दुकानांसमोर उभं राहून लोकांना विचारलं. एक प्रश्न फोटोबद्दल होता. पाहणी सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी सहकारीचा फोन आला.

"मॅडम, लोकं समजून राह्यले का ह्या बाई वारल्या."

"कोण लोक?"

"बहुतेक सारेच. म्हंतात, पेपरात श्रद्धांजली येते ना, तसा फोटो हाय. सुना म्हंतात का गेलेल्या मानसाचा फोटो सैपाकघरात बरा नाई वाटत."

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू. अशी गोष्ट सापडावी म्हणूनच तर पाहणी करतात, मालकाच्या डोळ्यांसमोर असलेली आणि त्याला कधीच न दिसलेली. मी त्या एका चित्रावर दोन दिवस घालवले. मधोमध मावशींचा फोटो आणि बाजूला तीन खांब. वारल्या असाव्यात, तो लाल. हयात आहेत, तो हिरवा आणि बुटका. उरलेल्या उत्तरांचा राखी, त्याखाली लिहिलं, इतर.

सहकारी माझ्या खांद्यामागून पाहत होती. म्हणाली, "हे चित्र मावशीसमोर नका लावजा."

"मावशी येणारच नाहीत. मुलगा एकटा असणार."

"आल्या तं?"

"आल्या तर बघू," मी म्हटलं.

त्या आल्या. कारखान्याच्या ऑफिसात पडदा लावून मी मागे वळले, तर पहिल्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. पुडीवरचाच चेहरा, पण सुरकुतलेला, आणि फोटोत नव्हतं ते हसू त्याच्यावर. मुलगा म्हणाला, "आईनं ऐकलंच नाही, म्हणाली मलेही पाहू द्या."

त्या चित्राच्या आधी माझी आठ-दहा चित्रं होती. तेवढा वेळ माझ्याकडे होता. ते एक वगळायला एक बटण जास्तीचं दाबायचं होतं, बस. नंतर मुलाला बाजूला घेऊन तोंडी सांगता आलं असतं. मी मनाशी म्हणत राहिले की सौम्य शब्दांत सांगू. पण खरं कारण वेगळं होतं. ते माझं सगळ्यात चांगलं चित्र होतं आणि मला ते दाखवायचं होतं.

चित्र आलं. मावशी खुदकन हसल्या. "हा माहा फोटो." मग त्यांनी पिशवीतून चष्मा काढला. "अन् हे लाल काय होय?"

मी पुण्याच्या सवयीच्या भाषेत सुरू केलं, "मावशी, फोटोची मांडणी जुनी असल्यामुळे काही ग्राहकांचा थोडा गैरसमज होतो."

"कायचा गैरसमज?"

मी उत्तर देईपर्यंत त्यांनी खालची अक्षरं स्वतःच वाचली, एकेक करून, ओठ हलवत. न विचारता कळावं असंच तर ते केलेलं होतं.

"म्हंजे लोकाइले वाटते का मी मेली."

मुलानं मान खाली घातली. सहकारी दाराशी उभी होती, ती बाहेर निघून गेली.

"अन् हे राखी?" मावशींनी विचारलं.

"ते इतर. त्यात विशेष काही नाही."

त्यांनी मान हलवली, चष्मा काढून पदरानं पुसला आणि पिशवीत ठेवला. "चांगलं काढलं वो चित्र," त्या म्हणाल्या. "माह्यासारखीले बी समजलं."

टोमणा नव्हता तो. तसा असता तर मी एव्हाना विसरले असते.

दोन महिन्यांत नवं पाकीट आलं. गडद रंग, मिरच्या, पळी. फोटो गेला. पाकीट खपू लागलं, मुलानं आभाराचा फोन केला. सहकारीकडून वेगळंच कळत होतं. मावशी रोज सकाळी कारखान्यात जायच्या, भट्टीजवळ उभं राहून नुसत्या वासावरून धने उतरवायला सांगायच्या. त्या यायच्या बंद झाल्या. कामावरच्या बायका बोलवायला गेल्या तर म्हणाल्या, "मेलेलं मानूस कारखान्यात कायले पायजे?" बायका हसल्या. त्या हसल्या नाहीत.

मग एका दुपारी सहकारीनं फॉर्मचा एक गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. "राखीतलं वाचलं होतं काय तुमी?"

मी वाचलं नव्हतं. जी उत्तरं कुठल्याच खणात बसली नाहीत, ती मी एकत्र लोटून दिली होती. आता वाचू लागले. तिच्या अक्षरात लोक बोलत होते. चांदूर रेल्वेची एक बाई म्हणत होती, पुडी संपली की फोटो कापून डब्याला चिकटवते, फेकायला जीव होत नाही. एकीनं सांगितलं होतं, माही माय अशीच पाहे, तोंडातून शब्द न काढता रागवे. एक म्हातारे म्हणाले होते, बाई कडक दिसते, मसाल्यात भुसा घालणार नाही. आणखी एक होतं: वारल्या असतील तर वाईट झालं, हाताला चव होती त्यांच्या, आम्हाला कोणी सांगितलंही नाही.

हे शेवटचं मी पुन्हापुन्हा वाचलं. लोकांना त्या गेल्या असं वाटत होतं, आणि ज्यांना वाटत होतं त्यांतल्या कितींना त्याचं वाईटही वाटत होतं, हे मी विचारलंच नव्हतं. फॉर्मवर तो प्रश्नच नव्हता.

"उद्याच जाते अकोल्याला," मी म्हटलं. पण सेमाडोहच्या जंगलातल्या पर्यटक निवासांच्या पाहणीचं काम आलं, मग आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. या सबबी खऱ्याच होत्या. त्यांच्या आडून मी भीत होते, हेही खरं. तीन-साडेतीन महिने गेले.

शेवटी मी गेले तेव्हा मावशी अंगणात खाटेवर बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. मला ओळखलं, सुनेला पाणी आणायला सांगितलं. मी फाइल उघडली आणि म्हटलं, "मावशी, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. राखीमध्ये खूप काही होतं." आणि वाचून दाखवू लागले. डब्याला फोटो चिकटवणाऱ्या बाईचं ऐकून त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, बरं वाटतंय. मी पुढे वाचत राहिले. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"हे तवा सांगतलं असतं तं," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "पोरानं बी आयकलं असतं. आता काय करू मी याचं?"

मग त्यांनीच विचारलं, "माह्या मालकाबद्दल कोनी काई म्हनलं काय? दर्यापूरले गेल्ते ना तुमी. थ्यो मानूस उन्हातानाचा पिशवी घेऊन फिरला तितं."

कोणीच काही म्हटलं नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं. पण मी म्हटलं, "हो, एक दुकानदार म्हणाले."

त्यांची पाठ एकदम ताठ झाली. "कोनता दुकानदार? काय म्हनला?"

मी फाइलची पानं उलटू लागले. एक वाक्य रचायचं होतं फक्त. चांगला माणूस होता, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं मोजली मी, आणि तेव्हा एक सुचेना. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या. मग हळूच पुढे वाकून त्यांनी फाइल मिटली.

"राहू द्या," म्हणाल्या. "च्या घ्या अन् जा. बस भेटली पाह्यजे."

मी चहा घेतला. फाटकापर्यंत सून आली.

पुढच्या उन्हाळ्यात मावशी गेल्या. सहकारीनं सकाळी फोन केला, ती मयतीला जाऊन आली होती. तोवर तिनं माझ्याकडचं काम सोडून अकोल्यातच एका शाळेत नोकरी धरली होती. आमचं भांडण झालं नव्हतं. ती म्हणाली, "लई बायका आल्त्या मॅडम, गावागावच्या. मावशीनं हे पाहाले पाह्यजे होतं." मग म्हणाली, "तुमी आज नका येऊ. सावकाश या."

मसाला चांगला चालला आहे. आमचा सल्ला बरोबर होता. तो चुकला असं मला म्हणता येत नाही, आणि बरोबर होता असं सांगताना तोंड उघडत नाही. अमरावतीहून अकोला दोन-अडीच तासांवर आहे. त्यानंतर कामासाठी मी किती वेळा गेले, त्या घराच्या चौकातून रिक्षानं पुढेही गेले. आत वळले नाही.