नुसती माती

गंगाराम आमच्या घाटातला मैलकुली. चार किलोमीटर रस्त्याचं गटार उपसायचं, झाडी तोडायची आणि पावसात डोंगरावरून जे खाली येईल ते फावड्याने बाजूला करायचं, हे त्याचं काम. जोडीला बाबू. सत्तावीस वर्षं दोघं एकत्र. पायथ्याशी माझं चहाचं हॉटेल आहे, तिथे आले की मी चिडवायचो, बायकोशी एवढं बोलला असतात तर संसार सुखाचे झाले असते.

दोन वर्षांपूर्वी घाटाचा संगणकावर नकाशा करायला माणसं आली. त्यातली शर्मिला सावंतवाडीची. ड्रोनने उतार मोजता येतो, पण पूर्वी दरड कुठे कोसळली हे माणसालाच विचारावं लागतं, म्हणाली. धोक्याची जागा लाल, बिनधोक जागा हिरवी. मुसळधार पावसात कामगारांनी कुठे थांबायचं, तेही यावरूनच ठरणार होतं.

गंगारामने तिला वळणन् वळण दाखवलं. रस्त्याखालच्या तिसऱ्या मोरीच्या वळणावर म्हणाला, "हंय दरड नाय. नुसती माती येता."

तो खोटं बोलला नाही. रस्ता बंद पडला, जेसीबी आणावा लागला, तर आमच्याकडे ती दरड. दोघांच्या फावड्यांनी दुपारपर्यंत निघते ती माती. त्या वळणावर ती दर पावसाळ्यात पाच-सहा वेळा निघायची. त्या दिवशी मी त्यांच्यासोबत वर गेलो होतो, तिथेच उभा होतो. मीही शहाण्यासारखी मान डोलावली, त्याची आजही चीड येते. शर्मिलाने लिहिलं, शून्य. वळण हिरवं झालं.

गेल्या आषाढात पाऊस वाढला तशी दोघं नेमाप्रमाणे त्या हिरव्या जागी थांबले. गंगाराम चहा न्यायला खाली माझ्याकडे आला. किटली घेऊन परत गेला, तर वळणच नव्हतं. बाबू तिसऱ्या दिवशी सापडला. तोवर जेसीबीच्या बाजूला गंगाराम फावडं मारतच होता. त्याला थांब म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

भाद्रपदात शर्मिला नकाशा दुरुस्त करायला आली. माझ्या बाकावर बसून रडली. मातीचं विचारायला हवं होतं, चूक माझीच, म्हणत राहिली. 

"तू माझ्या तोंडचाच लिवलंस गो," समोर बसलेला गंगाराम म्हणाला. "बाबूक थंय मीच उभो केलंय."

मग तिने प्रत्येक वळणावर माती किती वेळा आली ते विचारलं. त्याला सगळं पाठ होतं. ह्या वळणावर बाबूने काढली, त्या वळणावर बाबू घसरून पडला, तिथे आम्ही दोघांनी मिळून काढली. ती लिहीत गेली आणि तो संध्याकाळपर्यंत बाबूबद्दलच सांगत राहिला.