भुरे, मामंजींना म्हणावं

चतुराबाई कुंभार पिंपळगावात नांदायला आली, तेव्हा सासूनं, गोजरबाईनं, तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पदर कपाळाच्या खाली ठेवायचा आणि सासऱ्याशी समोरून बोलायचं नाही. चतुराबाईनं ते असं पाळलं की, सासू जाऊन किती वर्षं झाली तरी कडूबा सासऱ्यानं सुनेचा आवाज स्वतःला उद्देशून एकदाही ऐकला नव्हता.

सासू होती तोवर अडलं नाही. सून सासूला सांगायची, सासू नवऱ्याला. घरात लेकरू असतं तर त्याच्या तोंडून निरोप गेले असते, पण चतुराबाईची कूस काही उजवली नाही. गोजरबाई गेली आणि घरात तीन माणसं राहिली. त्यातला मच्छिंद्र, म्हणजे चतुराबाईचा नवरा, दिवसभर रानात. मग सुनेनं सासऱ्याला भाकरी वाढलीय हे सांगावं कसं? तेव्हा भुरी कामाला आली. एकदा माहेरहून येताना चतुराबाईनं ओटीत घालून आणलेली मांजर ती, राखाडी अंगाची, एक कान फाटलेला. चतुराबाई चुलीपाशी बसून म्हणायची, "भुरे, मामंजींना म्हणावं, ताट केलंय." बाजेवरून कडूबा म्हणायचा, "भुरे, तिला म्हणावं, कोरड्यास खारट झालंय." भुरी दोघांच्या मधे बसून आपला पंजा चाटायची.

यात हसण्यासारखं काही नाही. निजामाच्या राज्यात हैदराबादेचा हुकूम तालुक्याला आणि तालुक्याचा गावाला असाच कुणाच्या तरी तोंडून पोचायचा. या घरात तो मांजरीच्या तोंडून पोचे, एवढाच काय तो फरक.

कडूबाही काही ऐरागैरा नव्हता. बैलाची पारख त्याच्यासारखी पंचक्रोशीत कुणाला नव्हती. बाजाराला निघालेला माणूस आधी त्याच्या ओसरीवर टेकून जायचा. जीभ मात्र भारी तिखट. गल्लीतल्या कचरूनं आपल्या म्हाताऱ्या बापाचं अंथरूण गोठ्यात हलवलं, कारण काय तर म्हातारा अंथरूण ओलं करतो. तेव्हा कडूबा भर पारावर कचरूला म्हणाला होता, "बैल म्हातारा झाला तर त्याला घरात घेशील का रं? मंग बापाला गोठ्यात का घातला?" कचरूनं मान खाली घातली. पण बाप काही घरात आला नाही. त्या थंडीत गोठ्यातच त्यानं प्राण सोडला. चतुराबाई त्या घरी रडायला गेली होती आणि शेणाच्या वासात, दावणीशेजारी पडलेलं ते अंथरूण तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. ते तिच्या मनातून जाईना.

भुरीचं नाव खराब झालं ते दिवाळीनंतर. माजघरात वेचलेल्या कापसाचा ढीग होता. भुरी त्यावर चढून खुशाल मुतली. मच्छिंद्र असा तापला की चतुराबाईनं मांजर पदराखाली लपवली. मग उपाय सुरू झाले. शेजारची सरदारबी म्हणाली, "राख रख कोने में. बिल्ली को राख पसंद." चतुराबाईनं फुटक्या माठाच्या बुडात चुलीची राख भरून ठेवली. खराब झालेली जागा शेणानं सारवली, पुन्हा सारवली, लिंबाच्या पाल्याचा धूर केला. घरातल्या माणसांचेच डोळे चुरचुरले. पण भुरी शहाणी निघाली. राखेच्या खापरात जाऊ लागली, वर पंज्यानं राख ओढू लागली. चतुराबाईला वाटलं, चला, सुटलो.

आणि मग कडाक्याची थंडी पडली. कडूबाची बाज ओसरीवरून माजघरात आली. चार दिवस गेले नाहीत तोच सकाळी कडूबा खेकसला, "भुरे, तिला म्हणावं, तुझ्या मांजरीनं माझ्या गोधडीवर घाण केली." भुरीबद्दलची तक्रारही भुरीलाच सांगितली गेली. चतुराबाईनं गोधडी धुतली, उन्हात टाकली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिनं भुरीच्या पाठीत धपाटा घातला. हातानं मारताना तिला स्वतःलाच कसंतरी झालं, पण घरातल्या माणसाचं अंथरूण म्हणजे काही खेळ नव्हे.

एक दिवस विहिरीवर जाताना तिनं भुरीला कोंबड्यांच्या डालग्याखाली कोंडलं, वर पाटा ठेवला. म्हटलं, आता बघू कशी जाते. कडूबा जेवून आडवा झाला होता. धुणं धुऊन ती परत आली, तेव्हा भुरी डालग्यातच होती, फटीतून बघत होती. आणि कडूबा बाजेच्या कडेला पाठमोरा बसून तांब्यातलं पाणी गोधडीवर हळूहळू ओतत होता. ओल्यावर ओल.

चतुराबाई दारातच थिजली. तिला सगळं एकदम कळलं. आजवर भुरीला दिलेले धपाटे तिच्या हातात झोंबले. ती मागं सरली, पण कळशी उंबऱ्याला लागली आणि कडूबाला चाहूल लागली. तो वळला नाही. भिंतीकडेच बघत म्हणाला, "भुरे, तिला म्हणावं, तांब्या लवंडला. आन् मांजरीनंबी पुन्हा घाण केली."

भुरी डालग्यात होती. त्यानं नुसती मान वळवली असती तरी त्याला ती दिसली असती. चतुराबाईनं आवाज न करता पाटा उचलला, पायानं डालगं कलतं केलं. भुरी सुटली आणि बाजेखालून पळाली. मग चतुराबाई मोठ्यानं म्हणाली, "भुरे, लाज न्हाई का गं तुला?"

त्या दिवसापासून ती गोधडी मुकाट्यानं धुऊ लागली. शेजारणींना सांगायची, मांजर लई वाया गेलीय. भुरीला तिनं पुन्हा कधी मारलं नाही. उलट आपल्या वाटचं दूध तिच्या पुढ्यात ठेवायची. म्हाताऱ्याची अब्रू त्या फाटक्या कानाच्या मांजरीवर उभी होती आणि हे जाणणारी घरात ती एकटीच. ती कुणाला सांगणार होती? नवऱ्याला सांगावं तर तो वाईट नव्हता, पण सरळसोट माणूस. अंथरूण ओलं होतं म्हणजे बाज गोठ्यात न्यायची, इतका सोपा त्याचा हिशोब. सासऱ्याला धीर द्यावा तर तोंडाला कुलूप.

पण कडूबाची जीभ गप्प बसेना. गुन्हेगार आपणच हुडकून दिला म्हटल्यावर त्याला शिक्षाही करायला हवी ना. माणसाला लाज वाटली की तो आवाज चढवतो. ओसरीवर लोक बसले असताना तो मच्छिंद्राला म्हणाला, "तुझ्या घरात मांजर माजलीय. बापाचं अंथरूण नासवून राह्यली आन् तू बघून राह्यला. सोडून ये तिला दुधना नदीच्या पल्याड."

चतुराबाई आत भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच राहिला. तिला म्हणावंसं वाटलं, मामंजी, तिला घालवू नका, उद्या कुणाचं नाव घ्याल? पण हे म्हणायचं कुणाकडं बघून? भुरी चुलीपाशी डोळे मिटून पडली होती. हा निरोप भुरीकडंही देता येत नव्हता.

मच्छिंद्राची कापसाची गाडी जालन्याला निघायची होती. त्यानं पोतं मागितलं. चतुराबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की. मी बांधून ठिवत जाईन."

"बा चारचौघांत बोललाय," मच्छिंद्र म्हणाला. "आता न्हाई सोडली तर मलाच नावं ठिवतील."

"सरदारबीला दिऊ मंग."

"तिथून रोज येईल. पोतं आण, जल्दी कर."

तिनंच भुरीला पोत्यात घातलं. दुसऱ्या कुणाच्या हाती ती गेलीच नसती. पोत्याला तोंड बांधताना भुरीनं आतून तिच्या बोटाला नाक लावलं. मांजरीनं वाट विसरावी म्हणून मच्छिंद्रानं पोतं गरागरा फिरवलं आणि गाडीत टाकलं. कडूबा ओसरीवर बसून बघत होता. गाडी वळणाआड गेली तेव्हा त्याचा चेहरा उतरला. बहुतेक तेव्हाच त्याच्या ध्यानात आलं असावं, आपण काय करून बसलो ते.

गाडी परत येईपर्यंत घर मुकं राहिलं. चतुराबाई ताट ठेवताना ते भुईवर जरा आपटायची, म्हणजे कडूबाला कळावं. तो संध्याकाळनंतर पाणी पिईनासा झाला. ओठ सुकले तरी तांब्याला हात लावीना. तिला ते दिसत होतं आणि ती काही करू शकत नव्हती.

मच्छिंद्र परतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात बैलांना पेंड घालत होता. चतुराबाई माजघरात आली आणि तिला वास आला. कडूबा बाजेवर गोधडी गच्च धरून बसला होता. खाली जमिनीवर ओघळ आला होता. तांब्या कोरडाच होता. या वेळी ओतायलाही पाणी नव्हतं.

चतुराबाईनं पदर ओढला. भुरी बसायची त्या कोपऱ्याकडं तोंड केलं आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भुरे, आलीस का गं परत? आन् आल्या आल्या पुन्हा तेच केलंस?"

कडूबानं मान वर केली. त्या रिकाम्या कोपऱ्याकडं तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आसू दे. मुकं जनावर हाय."

तेवढ्यात मच्छिंद्र दारात आला. "कोण, मांजर आली? नदी वलांडून?" त्यानं कोपरा पाहिला, बाजेखाली वाकून पाहिलं. "कुठंय?"

"वर धाब्यावर चढली आसंल," चतुराबाई म्हणाली.

मच्छिंद्रानं जमिनीवरचा ओघळ पाहिला. बापाच्या हातातली गोधडी पाहिली. त्याच्या तोंडावर आधी राग नव्हता, नुसतं नवल होतं. मग हळूहळू ते नवलही गेलं. तो काय बोलणार आहे, हे तिघांनाही ठाऊक होतं.

त्याला बोलायची वेळच कडूबानं येऊ दिली नाही. तो बाजेवरून उठला. गोधडीची घडी घातली, घोंगडं खांद्यावर टाकलं. त्या कोपऱ्याकडं बघून म्हणाला, "भुरे, तिला म्हणावं, मला हितं झोप लागंना. बैलांपाशी बरं वाटतं."

चतुराबाईचं तोंड उघडलं. मामंजी, जाऊ नका. एवढेच शब्द होते. इतक्या वर्षांच्या सवयीनं ते बाहेर आले नाहीत. कडूबा तिच्या समोरून गेला. तिनं वाट दिली, पदर आणखी पुढं ओढला. मच्छिंद्रानं मागून बाज उचलली.

दुपारी ती ताट घेऊन गोठ्यापाशी गेली. दावणीला पाखऱ्या बैल रवंथ करत होता. पलीकडं बाजेवर कडूबा भिंतीकडं तोंड करून पडला होता. ती दारात उभी राहिली. मांजर नव्हती, लेकरू नव्हतं. शेवटी ती बैलाकडं बघून म्हणाली, "पाखऱ्या, मामंजींना म्हणावं, भाकर आणलीय."

मग बाजेवरून आवाज आला. "पाखऱ्या, तिला म्हणावं, भुरीनं कायबी केलं न्हवतं. समदं माझंच होतं."

चतुराबाईच्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडलं. तिनं ताट त्याच्या हाताला येईल असं ठेवलं, तांब्या भरून ठेवला.

"पाखऱ्या, म्हणावं, पाणी प्या," ती म्हणाली, "आन् भाकर गार होऊन राह्यली."